आल्टरनेटरची बदली

गाडीचा आल्टरनेटर खालून वर घ्यायचा, हे डॉक्टरांनी ठरवलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात एका रुग्णाच्या तोंडात होते. दातांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय असेच होत. समोरचा माणूस आ वासून पडलेला, त्याची बोलायची सोय नाही. अशा वातावरणात आपलं म्हणणं आपल्याला फार लवकर पटतं.

"तिथून काढायचा आणि सरळ वर बसवायचा," डॉक्टर म्हणाले.

रुग्णाचे डोळे विस्फारले.

"तुमचं नाही हो. गाडीचं म्हणतोय."

गाडी सासऱ्यांची होती. मोठ्या गोल दिव्यांची, लांब नाकाची, आता कुठेही तयार न होणारी. सासरे गेले आणि सासूबाई मुलीकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि ही गाडी आली. ट्रंक माळ्यावर गेली, मशीन खिडकीशी गेलं आणि गाडी डॉक्टरांच्या डोक्यात गेली.

सासूबाई आल्यापासून फारशा बोलत नसत. जेवायला हाक मारली की येत. टीव्ही लावला की बघत, आणि बंद केला तरी बंद टीव्हीकडे तशाच बघत राहत. गाडीत बसायला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता. नवऱ्याची आठवण येत असेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं होतं. समजून घेतलं की विचारावं लागत नाही.

आता हा आल्टरनेटर म्हणजे काय, तर इंजिनाच्या पट्ट्यावर गरगर फिरून वीज तयार करणारं आणि बॅटरी भरणारं, लहान मुलाच्या डोक्याएवढं एक यंत्र. या गाडीत ते इंजिनाच्या पार खाली, धुराच्या नळीच्या मागे, रस्त्याला चिकटून बसवलेलं होतं. रस्त्यावर जरा पाणी साचलं की ते भिजायचं, डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लागायचा आणि गाडी पुढच्या चौकात मान टाकायची. पट्टा घट्ट करायचा तर गाडीखाली उताणं झोपावं लागे. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, गॅरेज त्याला लागून, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या रुग्णांना आपल्या डॉक्टरांचे फक्त पाय दिसत. ज्या माणसाच्या हाती आपला जबडा द्यायचा, त्याचे पाय असे गाडीखालून बाहेर आलेले बघितले की माणूस दुसरा दवाखाना शोधतो. डॉक्टरांच्या स्वागतिकेने हे त्यांना दोनदा सुचवूनही पाहिलं होतं.

आणि डॉक्टरांना आत्मविश्वासही होता. जबड्याच्या कोपऱ्यात आडवी वाढलेली अक्कलदाढ जो माणूस छोट्या आरशात बघून काढतो, त्याला चार बोल्टचं काय कौतुक?

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरून आला. वरती वीज खात्यातले निवृत्त निरीक्षक राहत. कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाचं लग्न मोडो, त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "फेज तपासला का?" म्हणून त्यांना सगळे फेजकाका म्हणत. ते गॅलरीतून वाकून म्हणाले, "डॉक्टर, जिथली वस्तू तिथे राहू द्यावी. बनवणाऱ्याने काहीतरी विचार करूनच खाली ठेवली असेल."

"दात पण बनवणाऱ्याने विचार करूनच ठेवलेत, काका. मी रोज काढतो."

यावर फेजकाका खाली आले. सल्ला नाकारला की ते नेहमी खाली येत.

आल्टरनेटर वर, दुसऱ्या बाजूला बसवायचा तर नवं ब्रॅकेट हवं. ते करायला खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा कारागीर सापडला. त्याला डॉक्टरांनी दाताच्या साच्याच्या मऊ पिठात माप काढून दिलं. हे माप त्याने हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "यात फूल घालू का?"

"कशाला?"

"आम्ही घालतो."

फूल नको, असं निक्षून सांगितलं होतं. तरी ब्रॅकेट आलं तेव्हा त्याच्या एका टोकाला लोखंडाचा छोटासा वेलांटीदार पीळ होता. ते इतकं मजबूत होतं की त्यावर घराचा जिना उभा राहिला असता. डॉक्टरांनी आल्टरनेटर वर बसवला, लांब पट्टा चढवला, तारा वाढवून ओढल्या, बोल्ट आवळले आणि मागे होऊन समाधानाने बघितलं. मग बॉनेट बंद करायला गेले. बॉनेट बंद होईना.

अगदी बोटभराचा प्रश्न होता. आल्टरनेटरचं डोकं बॉनेटला आतून टेकत होतं. फेजकाकांनी जोर लावून बघायचा सल्ला दिला. डॉक्टरांनी दिलेल्या नकाराचा आवाज समोरच्या दुकानापर्यंत गेला. शेवटी बॉनेट पत्रा ठोकणाऱ्याकडे गेलं आणि त्या जागी फुगवटा ठोकून आलं. आता समोरून बघितलं की गाडीचा उजवा गाल सुजलेला दिसे. दातांच्या डॉक्टरच्या दारात सुजलेल्या गालाची गाडी. पुढचे कित्येक दिवस येणारा प्रत्येक रुग्ण, जो मनुष्य जन्मात कधी विनोद करत नाही तोसुद्धा, खुर्चीत बसता बसता एवढंच म्हणे, "आधी तिला घ्या, मी थांबतो." डॉक्टर हसत. त्यांचं हसणं मास्कमुळे दिसत नसे, ते बरंच होतं.

मग एका सकाळी दवाखाना उघडण्याआधी त्यांनी गाडी सुरू केली.

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. तांबडा दिवा विझला. पट्टा सरळ फिरत होता. आणि मागच्या सीटच्या पाठच्या फळीत जो जुना स्पीकर होता, ज्यातून डॉक्टरांच्या लग्नापासून कधी काही वाजल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यातून गुणगुणणं येऊ लागलं.

ते यंत्राचं घूं घूं नव्हतं. ओठ मिटून एखादा माणूस आपल्याच नादात गुणगुणतो तसं होतं ते. डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर चढे, सोडला की खाली येई, पण मध्ये कुठेतरी तो किंचित रेंगाळे, वळण घेई. चाल ओळखीची वाटे आणि हाती लागत नसे.

"आल्टरनेटरची वीज रेडिओत शिरते," फेजकाका म्हणाले. "जुन्या गाड्यांत हे असंच. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट होती. डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून रेडिओची तार उपटून काढली.

गुणगुणणं थांबलं नाही.

फेजकाकांनी स्वतः वाकून बघितलं. तार निघालेलीच होती, तिचं टोक त्यांच्या हातात होतं. ते टोक त्यांनी जरा वेळ धरून ठेवलं, मग हळूच खाली सोडलं. "वीज आहे ती," ते म्हणाले. "कुठूनही वाट काढते." आणि पायजम्याला हात पुसले.

एवढ्यात डॉक्टरांची बायको ओले हात घेऊन स्वयंपाकघरातून आली होती. गॅरेजच्या दारात ती थबकली.

"बाबा," ती म्हणाली.

"अगं, काय?"

"बाबा असंच गुणगुणायचे. मी मागच्या सीटवर आडवी व्हायचे, आणि ते गाडी चालवताना..." तिने ओले हात पुसले. मग एकदम म्हणाली, "बंद करा ते."

डॉक्टरांनी किल्ली फिरवली, बाहेर काढली, खिशात टाकली. इंजिन चालूच राहिलं.

त्यांनी किल्ली खिशातून काढून बघितली. मग ती पुन्हा घातली, फिरवली, काढली. इंजिन शांतपणे चालत होतं आणि मागे तो आपला गुणगुणत होता, जणू या घडामोडींशी त्याचा काही संबंध नाही. शेवटी फेजकाकांनी युक्ती सांगितली. ब्रेक दाबून ठेवायचा, गाडी गिअरमध्ये घालायची आणि क्लच झटकन सोडायचा. गाडीने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. 

याचंही कारण होतं, आणि ते फेजकाकांनी दुपारपर्यंत विचार करून शोधून काढलं. किल्ली बंद केली तरी फिरता आल्टरनेटर त्या तांबड्या दिव्याच्या तारेतून उलटी वीज इंजिनाला पाजत होता. म्हणजे इंजिन आल्टरनेटरला फिरवत होतं आणि आल्टरनेटर इंजिनाला जिवंत ठेवत होता. मध्ये एक डायोड बसवला, की वीज एकाच बाजूने जाईल. "माझ्याकडे होते ढीगभर," ते म्हणाले. "बघतो कुठे ठेवलेत." निवृत्त माणसाचं 'बघतो' म्हणजे किती काळ, हे डॉक्टरांनी ओळखायला हवं होतं.

तोवर गाडीच्या तपासणीची तारीख आली. ती चुकवली तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगी जायची, म्हणून डॉक्टर तशीच गाडी घेऊन वाहन तपासणीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "इंजिनात काही बदल?"

डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "आल्टरनेटरची जागा बदलली आहे."

"मग कंपनीचं पत्र लागेल."

"कंपनी बंद पडून जमाना झाला."

"तसं त्यांच्याकडून लेखी आणा."

"कंपनी बंद आहे असं कंपनीकडून लेखी आणू?"

"साहेबांना भेटा," बाई म्हणाल्या. डॉक्टरांना जरा बरं वाटलं. स्वतः तेही कठीण दाढ आली की मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देत.

साहेब भले दिसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बदल म्हणू नका हो. दुरुस्ती म्हणा. आधी गाडी बंद करून या, बाहेर आवाज येतोय."

"गाडी बंदच आहे, साहेब."

"चालू आहे. इथे ऐकू येतेय."

डॉक्टरांनी किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. आवारात वाकड्या जागेत गाडी लावण्याच्या गडबडीत ती क्लच सोडून बंद करायचं ते विसरले होते. साहेबांनी किल्लीकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि उठून बाहेर आले. रिकामी गाडी आवाराच्या टोकाला उभी होती. साहेब तिच्याभोवती फिरले. मागच्या काचेपाशी येऊन थांबले, कान जरा पुढे केला.

"आत कोण बसलंय?"

"कोणी नाही."

साहेबांनी दोन्ही हातांचा आडोसा करून काचेतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "त्यांना म्हणावं, सरकारी आवार आहे."

डॉक्टरांनी ब्रेक, गिअर, क्लच करून गाडी गप्प केली. आत आल्यावर साहेब पुन्हा साहेब झाले. त्यांनी अर्ज उलटसुलट करून बघितला. गाडी सुरू होत नसेल तर नापास करायची सोय त्यात होती. बंद होत नसेल तर काय करायचं, याची नव्हती. "बंद व्हायला लागली की आणा," म्हणून त्यांनी डॉक्टरांना वाटेला लावलं, आणि किल्ली परत देताना ती टोकाला धरून दिली.

त्या दिवशी डॉक्टर गाडी घेऊन परतले तेव्हा सासूबाई गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. इंजिन चालू होतं. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त मान जरा कलली होती. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या आपण होऊन गॅरेजमध्ये गेल्या, पुढच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "जरा सुरू करता का?"

त्या आपण होऊन बोलल्याला इतके दिवस झाले होते की नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग तो नेमच झाला. दुपारी डॉक्टर शटर पूर्ण वर करून गाडी सुरू करत, सासूबाई मांडीवर पर्स ठेवून बसत, आणि दवाखान्याची वेळ झाली की डॉक्टर गाडी बंद करत. सासूबाई हळूहळू जेवताना बोलू लागल्या. एकदा तर त्यांनी आमटीला नावं ठेवली. बायकोला रडू आलं. "बाबांमुळे झालं हे," ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांना वाटलं की यात थोडा वाटा ब्रॅकेटचाही आहे, पण ते बोलले नाहीत.

डॉक्टरांना त्या आवाजाची भीती वाटत नव्हती, असं ते स्वतःला सांगत. फक्त हल्ली संध्याकाळी दवाखाना आवरताना गॅरेजच्या भिंतीकडे पाठ करून उभं राहणं ते टाळत. भिंतीपलीकडे गाडी बंद असे. बंद आहे हे ते जाऊन बघून येत. आणि बघून येताना त्यांच्या लक्षात येई, की आपण ओठ मिटून काहीतरी गुणगुणतोय, आणि ती चाल आपल्याला येत नाही.

मग ती दुपार आली. जाळ्या बनवणारा कारागीर दाढ धरून आला होता. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत झोपवलं, सुन्न होण्याचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचे बोळे भरले आणि म्हणाले, "आता बोला. ब्रॅकेटला पीळ कशाला दिलात?"

कारागीर काहीतरी म्हणाला. तोंडात कापूस असलेल्या माणसाचं बोलणं समजणारा त्या गल्लीत एकच माणूस होता. "चांगला दिसतो म्हणून? बॉनेटखाली कोण बघणार आहे?"

तेवढ्यात भिंतीतून गुणगुणणं आलं.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. किल्ली खिशात होती. त्यांना वाटलं, हे आपल्याच डोक्यात आहे. पण कारागिराचे डोळेही भिंतीकडे वळलेले होते. डॉक्टरांनी चिमटा उचलला. काम चालू असताना थांबायचं नाही, ही त्यांची शिस्त. आवाज संथ चालला होता, रोजच्यासारखा. मग तो चढू लागला. सावकाश, मध्ये न थांबता, रोज जिथे वळण घेई ते ठिकाण ओलांडून वर, आणखी वर, आणि शेवटी तिथेच ताणून राहिला.

डॉक्टरांच्या हातातला चिमटा थांबला. हा आवाज त्यांना माहीत होता. आयुष्यभर त्यांनी तो ऐकला होता. तोंड भरलेलं असताना, बोलता येत नसताना, खुर्चीतला माणूस थांबा म्हणून सांगायला हाच आवाज काढतो.

ते धावले. शटर खाली ओढलेलं होतं आणि त्याच्या फटीतून धूर येत होता. ते तिरकं होऊन अडकलं होतं, एकट्याच्याने हलेना. मागून कारागीर धावत आला, गळ्यात दवाखान्याचा हिरवा कपडा, तोंडात कापूस. दोघांनी मिळून शटर वर फेकलं. आत सगळं निळसर झालं होतं. सासूबाई आपल्या नेहमीच्या जागी होत्या, मान खांद्यावर कललेली, मांडीवर पर्स. इंजिन जीव खाऊन ओरडत होतं. डॉक्टरांनी दार उघडून त्यांना उचललं. इतक्या हलक्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. बाहेर रस्त्याच्या कडेला मोकळ्या हवेत आणून निजवलं, मान मागे केली, जबडा पुढे ओढला. जबडा कसा धरायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सासूबाईंनी खोकून श्वास घेतला.

त्याच क्षणी गॅरेजमधला आवाज उतरला, इंजिन मंद झालं आणि आपोआप थांबलं.

कारागीर गाडी बंद करायला आत वाकला होता. तो आता बाहेर आला, भिंतीला टेकला आणि काहीतरी बोलला. जमलेल्या लोकांना एक अक्षर कळलं नाही. डॉक्टरांना कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला होता, "ॲक्सिलरेटर दाबलेला होता. तुम्ही त्यांना बाहेर नेलंत, मग तो वर आला."

सासूबाई शेजारच्या सीटवर होत्या. त्यांचे पाय तिथवर पोहोचत नव्हते.

हॉस्पिटलमध्ये त्यांना ऑक्सिजन लावला आणि त्या सावरल्या. सासऱ्यांची दुसरी किल्ली इतके दिवस त्यांच्या पर्समध्येच होती. "आज दवाखान्यात लवकर गर्दी दिसली, म्हणून म्हटलं तुम्हाला कशाला त्रास," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, नीट ऐकू येईना, म्हणून शटर ओढून घेतलं. डोकं जड झालं तशी किल्ली काढली, पण गाडी थांबते कुठे." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. किल्ली काढूनही बंद न होणारी गाडी डॉक्टरांनी घरात ठेवली होती, आणि एका डायोडसाठी वाट बघत बसले होते.

फेजकाकांनी त्याच संध्याकाळी डायोड आणून दिला. तो कुठून आणला हे सांगितलं नाही, आणि कधी नव्हे ते एकही सल्ला न देता वर गेले. डॉक्टरांनी तो बसवला. किल्ली काढताच गाडी निमूट बंद झाली. पण बायकोला तेवढं पुरेसं नव्हतं.

"तो आल्टरनेटर खाली न्या," ती म्हणाली. "नाहीतर गाडी विका. आई त्या आवाजापायी एकदा मरता मरता वाचली. पुन्हा मी हे बघणार नाही."

"त्या आवाजानेच तर मला..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणतेय."

सासूबाई घरी आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या सकाळी डॉक्टर पाना घेऊन बॉनेटखाली वाकले. बायको कंदिलासारखा टॉर्च धरून शेजारी उभी राहिली. पहिला बोल्ट सैल झाला तेव्हा मागून सासूबाई आल्या आणि दवाखान्यातलं स्टूल ओढून घेऊन बसल्या.

"काय चाललंय?"

"खाली बसवतोय परत," डॉक्टर म्हणाले.

"का? आता बंद होते ना?"

बायकोचा धीर सुटला. "आई, बाबांचा आवाज ऐकायचा म्हणून तू स्वतःला कोंडून घेतलंस. त्यांनाही हे आवडलं नसतं."

सासूबाईंनी मुलीकडे बघितलं. "कुणाचा आवाज?"

"बाबांचा. ते गाडी चालवताना गुणगुणायचे तो."

"तुझे बाबा?" सासूबाई म्हणाल्या. "ते कधी गुणगुणले? गाडीत एक शब्द बोलायचे नाहीत. मी बोलले तरी म्हणायचे, गप्प बस, लक्ष जातं. मी आपली खिडकीबाहेर बघत बसायचे."

टॉर्चचा उजेड इंजिनावरून सरकून जमिनीवर गेला.

"मग मी मागे झोपायचे तेव्हा कोण..." बायको म्हणाली.

सासूबाईंचा हात गळ्याशी गेला. "तुलाही ऐकू यायचं?"

 डॉक्टर पाना धरून तसेच वाकून उभे राहिले. सरळ व्हावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"मला वाटायचं, मला एकटीलाच ऐकू येतं," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. लोकांनी काय म्हटलं असतं? त्यांनी मला गप्प केलं ना, की जरा वेळाने तो हळूच सुरू व्हायचा. घर येईपर्यंत सोबत करायचा. मग एकदा गाडी दुरुस्त होऊन आली, वरचं काहीतरी बदलून खाली बसवलं म्हणाले, आणि त्यानंतर काही नाही. मी कितीदा कान देऊन बसले. शेवटी त्या गाडीत बसवेनाच मला."

"पण आई, तो आहे कोण?"

"ते मी कधी विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आवाज सभ्य आहे." मग डॉक्टरांकडे वळून त्या म्हणाल्या, "तो बोल्ट आवळून टाका. पुन्हा सैल होता कामा नये."

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. तिने टॉर्च पुन्हा इंजिनावर धरला. त्यांनी बोल्ट आवळला.

तपासणीला तिघं मिळून गेले. साहेबांनी या वेळी किल्ली काढल्यावर गाडी बंद होते की नाही हे लांबूनच बघितलं, 'दुरुस्ती' असं लिहून सही केली आणि शिक्का मारताना हळूच विचारलं, "आहेत का अजून?" सासूबाईंनी मान डोलावली. साहेबांनीही डोलावली.

परतीच्या वाटेवर सासूबाई पुढे बसल्या होत्या, काच खाली करून. त्यांनी वाटेत दिसेल त्या दुकानाबद्दल, दुकानाच्या पाटीबद्दल, पाटीवरच्या रंगाबद्दल मत दिलं. डॉक्टरांनी एकदाही लक्ष जातं असं म्हटलं नाही, जरी ते जात होतं. बायको मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली आणि बघता बघता झोपली. तिच्या उशाशी तो गुणगुणत होता, गाडी चढावर लागली की चढत, उतारावर सावरून घेत.

मोठ्या चौकात सिग्नल लागला. डॉक्टरांनी गाडी थांबवली. इंजिन मंद झालं, तसा आवाजही उतरत उतरत खाली आला आणि थांबला. सासूबाईही बोलता बोलता थांबल्या. डॉक्टरांनी आरशात बघितलं; बायको गाढ झोपली होती, ओठ घट्ट मिटून. इंजिनाच्या मंद थरथरीवर एक पुरती शांतता होती.

मग समोरून, बॉनेटच्या त्या फुगवट्याखालून, कुणीतरी पुढची ओळ घेण्याआधी श्वास घ्यावा तसा एक श्वास ऐकू आला.

डॉक्टरांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. सासूबाईंनी पर्स मांडीवर नीट केली.

"चला," त्या म्हणाल्या. "हिरवा झाला."